उडता कंदील घ्यायचा का? (गटाच्या बैठकीत वाचण्यासाठी पाठ)



दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत दोन विषय हमखास निघतात. स्टॉलवर काय ठेवायचं, आणि ऑर्डरी कुठून मिळवायच्या. आता या दोन्हींत एक नवीन वस्तू शिरली आहे. घाऊक बाजारातला दुकानदार म्हणतो, "ताई, उडते कंदील घेऊन जा, हातोहात खपतील." आणि टिटवाळा, बदलापूर, मुरबाडकडच्या फार्महाऊसवर पार्टी ठेवणारी कल्याण-डोंबिवली, ठाण्याची मंडळी जेवणाची ऑर्डर देताना विचारतात, "रात्री सोडायला वीस-पंचवीस कंदील पण आणाल का?"

हो म्हणायचं की नाही, हे गटाने विचार करून ठरवायचं आहे. त्यासाठी हा पाठ. एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून आपलं म्हणणं मांडावं. अर्धा तास पुरेल.

१. कोणत्या कंदिलाबद्दल बोलतोय?

आपण दारात टांगतो तो आकाशकंदील. त्याला दोरी असते, खाली झिरमिळ्या असतात, आत दिवा किंवा बल्ब असतो, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर राहतो. त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

दुसरा तो हवेत सोडायचा. दुकानात त्याला स्काय लँटर्न किंवा विश लँटर्न म्हणतात. पातळ कागदाची मोठी पिशवी, तिचं तोंड खाली. तोंडाला बांबूची किंवा तारेची गोल कडी. कडीच्या मध्ये मेणात भिजवलेला कागदाचा किंवा कापडाचा तुकडा. तो पेटवायचा आणि सोडून द्यायचा. ही पद्धत मूळची चीनकडची. थायलंडच्या चियांग माई शहरात यी पेंग नावाच्या सणाला हजारो कंदील एकदम सोडतात. ते फोटो आणि सिनेमातली दृश्यं बघून आपल्याकडे लग्नात, वाढदिवसाला, ३१ डिसेंबरला ही हौस आली. त्याच चियांग माईमध्ये सणाच्या रात्री विमानांची उड्डाणं रद्द करावी लागतात किंवा त्यांच्या वेळा बदलाव्या लागतात, हे मात्र फोटोत दिसत नाही.

२. तो उडतो कसा, उतरतो कसा?

चुलीचा धूर वर का जातो? गरम हवा हलकी होते म्हणून. कंदिलातही तेच होतं. आतली हवा तापली की बाहेरच्या थंड हवेपेक्षा ती हलकी होते आणि पिशवीला वर उचलते. जोवर मेण जळतंय तोवर तो वर राहतो. मेण संपलं की हवा थंड होते आणि कंदील खाली येतो.

ऐकायला हे सुरक्षित वाटतं, की आग विझल्यावरच तो खाली येणार. पण दर वेळी तसं होत नाही. वाऱ्याचा झोत आला की कंदील कलतो आणि कागद पेट घेतो. कागद फाटला तर गरम हवा निघून जाते आणि जळतं मेण घेऊनच तो खाली येतो. झाडाला किंवा गच्चीला अडकला तर तिथेच जळत राहतो. खाली वारा नसला तरी वर असतो, त्यामुळे कंदील काही किलोमीटरसुद्धा जाऊ शकतो. सोडणाऱ्याच्या हातात दोरी नाही की लगाम नाही. एवढं एकच वाक्य पाठातून लक्षात ठेवलंत तरी चालेल: ही सोडून दिलेली आग आहे, आणि ती कुठे उतरेल हे सोडणाऱ्यालाही माहीत नसतं.

३. आपल्याकडे ती कुठे उतरेल?

आपला भाग डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या दिवसांत भाताची कापणी चालू असते. शेतात भारे पडलेले असतात, खळ्यावर उडव्या रचलेल्या असतात. झोडणी झाली की घराशेजारी पेंढ्याची गंजी उभी राहते. वर्षभराचा दाणा आणि गुरांचा चारा, दोन्ही त्या महिन्यात उघड्यावर असतात. पार्टीवाले कंदील सोडतात तेही त्याच महिन्यात.

पुढे ३१ डिसेंबर येतो. तोवर माळावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. लग्नसराईत तर डोंगर कोरडा ठणठणीत असतो. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनवा लागण्याचा काळ धरतात. वनवा म्हणजे नुसतं गवत जळणं नव्हे. मोहाची फुलं, करवंदाच्या जाळ्या, आळंबी येणारी माती, टिटवीची अंडी, ससे, सरपण, सगळं जातं. आपल्या कितीतरी ताईंचं उन्हाळ्यातलं उत्पन्न त्यातच असतं.

शहराकडे बघा. भिवंडीच्या पट्ट्यात कागद, कापड, प्लास्टिकने भरलेली गोदामं आहेत, आणि आपल्यातल्या अनेक जणी किंवा त्यांची मुलं तिथे कामाला जातात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या स्फोटांनी मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये किती जीव घेतले, ते आपण विसरलेलो नाही. त्या स्फोटांचा कंदिलाशी संबंध नव्हता. पण जिथे ठिणगीचीसुद्धा भीती बाळगावी लागते, तिथे वरून पेटता कागद यायला नको एवढं तर खरं. शिवाय रेल्वेच्या वरच्या तारांमध्ये २५,००० व्होल्टची वीज असते. तारेची कडी त्यात अडकली तर काय होईल ते सांगायला नको.

४. घडलेल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट इंग्लंडची. ३० जून २०१३ च्या रात्री स्मेथविक गावातल्या प्लास्टिक आणि कागदाच्या पुनर्वापर केंद्राला आग लागली. सुमारे एक लाख टन माल तिथे होता. दोनशेहून जास्त जवान आग विझवायला लागले, त्यातले काही जखमी झाले. आग कशाने लागली ते कॅमेऱ्यात दिसलं. एक उडता कंदील येऊन मालावर उतरला होता. तो कोणी सोडला, कुठून सोडला, कोणाला माहीत? भिवंडीची गोदामं आठवून ही गोष्ट पुन्हा एकदा वाचा.

दुसरी जर्मनीची. २०२० साल उजाडलं त्या रात्री क्रेफेल्ड शहरातल्या प्राणिसंग्रहालयात माकडांचं घर जळालं. ओरांगउटान, चिंपांझी आणि इतर मिळून तीसहून जास्त प्राणी मेले. फक्त दोन चिंपांझी वाचले. नवीन वर्षाच्या शुभेच्छा म्हणून एका आईने आणि तिच्या दोन मुलींनी पाच कंदील सोडले होते. ते ऑनलाइन मागवलेले होते. त्या राज्यात २००९ पासून अशा कंदिलांवर बंदी होती, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. बातमी ऐकल्यावर त्या स्वतःच पोलिसांकडे गेल्या. त्या काही वाईट बाया नव्हत्या. आपल्यासारख्याच घरच्या माणसांसाठी चांगलं मागणाऱ्या होत्या. म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटली. हेतू चांगला असला म्हणून आग थांबत नाही.

५. आग लागली नाही तरी काय उरतं?

समजा कंदील विझूनच खाली आला. मग कागद पावसात कुजेल, पण कडी राहते. तारेची असेल तर ती गवतात पडून राहते. गवत कापताना ती भाऱ्यात येते, कुट्टी करताना तिचे तुकडे होतात. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही, घाईने गिळते. तारेचा तुकडा पोटाच्या जाळीसारख्या कप्प्यात अडकतो. तिथून पुढे हृदय अगदी जवळ असतं. तार टोचत टोचत तिथवर पोचली तर जनावर हाती लागत नाही.

खूण लक्षात ठेवा. जनावर अचानक चारा सोडतं, दूध एकदम आटतं, पाठीला बाक काढून उभं राहतं, उतारावरून चालताना कण्हतं, पुढे छातीखाली सूज येते. असं दिसलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा. वेळेवर कळलं तर पोटात लोहचुंबक सोडून किंवा शस्त्रक्रिया करून जनावर वाचवता येतं.

आता पाकिटावर "पर्यावरणपूरक" असं छापलेले कंदीलही येतात. त्यात तारेऐवजी बांबू असतो. गुरांसाठी ते थोडं बरं. पण बांबूची कडीही कुजायला बराच काळ घेते, आणि मेण तर पेटतंच. पेंढ्याच्या गंजीला कडी कशाची आहे याने काय फरक पडतो?

६. कायदा काय म्हणतो?

मुंबई पोलिसांनी गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या सुमारास उडते कंदील विकणं, साठवणं आणि सोडणं यांवर बंदीचे आदेश काढले आहेत. असे आदेश ठरावीक मुदतीचे आणि ठरावीक हद्दीचे असतात. आपल्या जिल्ह्यात शहरी भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे आणि मुरबाड, शहापूरसारखा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. म्हणून आपल्या हद्दीत सध्या कोणता आदेश आहे, हे आपल्याच पोलीस ठाण्यात विचारा. गटाच्या लेटरहेडवर दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नीट बघा, आदेशात फक्त सोडण्यावर नाही, विक्रीवर आणि साठ्यावरही बंदी असू शकते. म्हणजे स्टॉल लावणारा गटही त्यात येतो.

राखीव जंगलाला आग लावणं, किंवा जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं, हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. हे बारा महिने लागू आहे.

७. गटाचा हिशोब

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून फळ्यावर पुन्हा मांडा.

समजा उडता कंदील ४० रुपयांना आणला आणि ७० ला विकला. ३० नगांवर सुटले ९०० रुपये.

समजा टांगायचा कंदील गटाने बनवला. कामट्या, कागद, दोरा, खळ मिळून ६० रुपये लागले, १५० ला विकला. ३० नगांवर राहिले २,७०० रुपये. यात मेहनत आहे, बसून काम करावं लागतं, हे खरं. पण त्यातली मजुरी आपल्याच ताईंच्या घरात जाते. पुढच्या वर्षी हात बसलेला असतो आणि गिऱ्हाईकही ओळखीचं झालेलं असतं. ठाणे-पालघरकडे बायकांचे गट बांबूचे कंदील करून विकतातही. फक्त थर्माकोल वापरू नका, सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे.

आता तिसरा हिशोब. एका जनावराला दिवसाला पाच किलो पेंढा धरला, तर चार महिन्यांना सहाशे किलो लागतो. दोन जनावरांना बाराशे किलो. तुमच्या गावच्या भावाने त्याची किंमत काढा आणि ९०० रुपयांशेजारी लिहा. गंजी जळली तर ती किंमत कोण भरणार, तेही लिहा.

८. ऑर्डर देणाऱ्याला काय सांगायचं?

ऑर्डर हातची जाईल ही भीती रास्त आहे. म्हणून नुसतं "नाही" म्हणू नका, दुसरं काहीतरी पुढे करा. उदाहरणार्थ:

"दादा, जेवण आम्ही करतोच. पण उडते कंदील आणत नाही. आजूबाजूला शेतकऱ्यांच्या गंज्या आहेत. त्याऐवजी अंगणात शंभर पणत्यांची रांगोळी करून देतो आणि दारात आमच्या हातचा कंदील लावतो. इच्छा लिहायच्या असतील तर चिठ्ठ्या लिहून झाडाला दोऱ्याने बांधा, सकाळी आम्हीच उतरवून नेऊ."

फोटो याचाही छान येतो. गटाला पणत्यांचे आणि कंदिलाचे पैसे वेगळे मिळतात. गिऱ्हाईक तरीही अडून बसलं, तर सोडायचं काम आपल्या हातून होणार नाही एवढं स्पष्ट सांगा.

आणि कुठे पेटता कंदील उतरताना दिसलाच, तर आगीसाठी १०१ किंवा ११२, आणि जंगलाकडे असेल तर वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा. सकाळी शेतात विझलेला सांगाडा सापडला तर तार उचलून भंगारात टाका, बांधावर भिरकावू नका.

बैठकीत बोलण्यासाठी प्रश्न

• आपल्या वाडीत सध्या किती गंज्या उघड्यावर आहेत? पाण्याची सोय सगळ्यात जवळ कुठे आहे?
• गेल्या दोन वर्षांत गावाजवळ कोणी असे कंदील सोडले? कुठे उतरले?
• गटात कामट्या तासायला कोणाला येतं? शिकायला कोण तयार आहे?
• गावातल्या फार्महाऊसवाल्यांशी बोलायला ग्रामसंघातर्फे कोण दोघी जातील?

ठरावाचा नमुना (इतिवृत्तात लिहावा)

"आमचा गट उडते कंदील विकणार नाही, साठवणार नाही आणि कोणत्याही ऑर्डरीत पुरवणार नाही. त्याऐवजी टांगायचे कंदील आणि पणत्या तयार करून विकू. गावात असे कंदील सोडू नयेत याबाबत ग्रामसभेत विषय मांडू."

ठराव करायचा की नाही, शब्द कोणते ठेवायचे, हे तुमच्या गटाने ठरवायचं. झाला तर त्याची एक प्रत सीआरपी ताईंकडे द्या. कोणत्या गटाकडे किती कंदील तयार होतील तेही त्यातच लिहा, म्हणजे प्रभागसंघाच्या दिवाळी स्टॉलची मागणी वेळेत वाटून देता येईल.

आपली,
क्षेत्र समन्वयक