जोडीने धावायचं, पण कोणाच्या वेगाने?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. मला किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागतात, तिला आठ. एकत्र धावलो की माझा वेग मरतो, तिची दमछाक होते. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा वेग मरत नाही. आठवड्यातलं बहुतेक धावणं गप्पा मारता येतील इतकं सावकाशच हवं. तेव्हा रविवारचं लांब अंतर बिनधास्त तिच्या वेगाने धावा. ‘सावकाश’ची कसोटी तिची. तिला अख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे. ती हूं-हूं करू लागली, की तुम्ही तिला ओढताय असं समजा. (घड्याळाकडे बघणारे नवरे इथेच चुकतात.)

वेगाचा सराव मात्र वेगवेगळा करा. चढाच्या सरावाला दोघं एकत्र जाऊ शकता : सिंहगड घाटरस्त्यावर दोघांनी तीन मिनिटं आपापल्या दमाने चढायचं, मग तुम्ही खाली तिच्यापर्यंत यायचं. उताराचाही सराव हवा. शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वर घाट चढताना दम काढतो, पण परतीच्या उतारावर मांड्या भरून येतात. तिथे लांब ढांगा नकोत; छोटी, भरभर पावलं टाका.

पुरेशी झोप-जेवण असूनही तिला सारखा थकवा वाटत असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

शर्यतीत सोबत धावायचं की आपापलं, हे आदल्या आठवड्यातच ठरवा. घाटात ठरवायला गेलात, तर भांडण नक्की!