नीपरकाठचे कानिव

युक्रेनमध्ये नीपर नदीच्या उजव्या तीरावर कानिव हे प्राचीन नगर वसले आहे. तेथील चर्च ११४४ सालचे. तरी पावले वळतात ती जवळच्या टेकडीकडे. तेथे कवी तारास शेवचेन्को (१८१४-१८६१) यांची समाधी आहे. जन्माने भूदास असलेल्या या कवीला १८३८ मध्ये स्नेह्यांनी एका चित्राच्या सोडतीतून २,५०० रूबल उभारून मुक्त केले. पुढे झारने त्यांना हद्दपार करून लेखनासच नव्हे, चित्रकलेसही बंदी केली! नीपर दिसेल अशा उंचवट्यावर आपल्याला पुरावे, अशी इच्छा त्यांनी १८४५ मध्येच कवितेत व्यक्त केली होती. निधन मात्र दूर सेंट पीटर्सबर्गला, मार्चमध्ये झाले. मे महिन्यात मित्रांनी शवपेटी मायभूमीस आणली. कीव्हपासून कानिवपर्यंत ती नीपरमधूनच, आगबोटीने आली.