आईच्या स्मृतीस : एका लॅटिन ओळीचे व्याकरण



परक्या भाषेतील एखादी लहानशी ओळ हवी असली, म्हणजे शब्दकोश उघडावा, एकेक शब्द शोधावा आणि ते शेजारी शेजारी मांडावेत, की झाले भाषांतर, असे पुष्कळांना वाटते. मलाही तसेच वाटत असे. तो माझा समज कसा दूर झाला व त्यातून मी काय शिकलो, हे तुमच्यापुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वृद्ध मातुःश्री निवर्तल्या. त्यांच्या बालपणी चर्चमधील मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. लोकांच्या भाषेत उपासना होऊ लागली ती १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. लहानपणी कानांवर पडलेल्या त्या लॅटिन प्रार्थना त्या माउलीला अखेरपर्यंत मुखोद्गत होत्या. म्हणून तिच्या थडग्यावरील संगमरवरी फरशीवर ‘अत्यंत प्रिय आईच्या स्मृतीस’ एवढी एक ओळ लॅटिनमध्ये कोरवावी, अशी मुलाची इच्छा होती. ते माझ्याकडे आले व म्हणाले, “मास्तर, तुम्ही बी. ए.ला संस्कृत घेतले होते. लॅटिन तिची बहीणच ना? एवढी ओळ करून द्या. पाथरवट परवा कामाला बसणार आहे.”

‘मला लॅटिन येत नाही’ असे त्याच वेळी सांगणे माझे कर्तव्य होते. परंतु शिक्षकाला ‘येत नाही’ हे शब्द फार जड जातात. त्यांच्या घरी पोर्तुगीज-लॅटिन असा एक जुना कोश होता. तो घेऊन आम्ही बसलो आणि अर्ध्या तासात ओळ तयार झाली : ‘इन् मेमोरिअ मातेर् कारुस्’. ‘इन्’ म्हणजे मध्ये, ‘मेमोरिअ’ म्हणजे स्मृती, ‘मातेर्’ म्हणजे आई, ‘कारुस्’ म्हणजे प्रिय. कोशात ‘मातेर्’ या शब्दापुढे ‘मात्रिस्’ असेही एक रूप छापलेले होते. पण तो दुसराच एखादा शब्द असेल, असे समजून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले.

रात्री मात्र मला स्वस्थता वाटेना. एखाद्या विद्यार्थ्याने संस्कृतात ‘स्मृतिः माता प्रियः’ असे लिहून आणले आणि ‘प्रिय आईच्या स्मृतीस’ असा त्याचा अर्थ सांगितला, तर मी काय करीन? तांबड्या शाईने सगळी ओळ खोडीन! वहीतील चूक खोडता येते. संगमरवरावरील चूक कशी खोडणार? आणि तीही एका आईच्या थडग्यावरची!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघे एका निवृत्त, वयोवृद्ध धर्मगुरूंकडे गेलो. सेमिनरीत ते लॅटिन शिकले होते. त्यांनी आमचा कागद पाहिला. पण एकदम चुका दाखविल्या नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले : मूळ अर्थ तुमच्या भाषेत नेमका काय? ही ओळ कोठे लिहावयाची आहे? आणि यातील कोणता शब्द कोणत्या शब्दाला चिकटतो? उत्तरे ऐकून ते हसून म्हणाले, “मास्तर, फुले तुम्ही बरोबर वेचली आहेत, पण ती ओवायला दोरा घेतलेला नाही.” तो दोरा म्हणजे विभक्ती. पुढे त्यांनी आम्हांला जे समजावून दिले, त्याचा सारांश असा :

पहिली गोष्ट ‘आईच्या’ या शब्दाची. ‘मातेर्’ ही प्रथमा. ‘आईच्या’ म्हणावयाचे तर षष्ठी हवी. आणि ती षष्ठी म्हणजेच कोशात छापलेले ‘मात्रिस्’! लॅटिन कोशात प्रत्येक नामापुढे त्याचे षष्ठीचे रूप मुद्दाम दिलेले असते, कारण त्यावरून पुढील रूपे बनवता येतात. या शब्दाची रूपे संस्कृताशेजारी ठेवून पाहा : मातेर् – माता, मात्रेम् – मातरम्, मात्रिस् – मातुः, मात्री – मात्रे. सख्ख्या बहिणींचे चेहरे आठवावेत, इतके हे साम्य आहे.

दुसरी गोष्ट ‘स्मृतीस’ या शब्दाची. लॅटिनमधील ‘इन्’ या अव्ययापुढे दोन विभक्ती येऊ शकतात आणि विभक्तीप्रमाणे अर्थ बदलतो. एखाद्या स्थळाकडे गती किंवा एखादा हेतू दाखवावयाचा असेल, तर द्वितीया. केवळ स्थिती दाखवावयाची असेल, तर जिला तेथे पंचमी म्हणता येईल ती विभक्ती. संस्कृतातील तृतीया व सप्तमी यांची पुष्कळ कामे लॅटिनमध्ये हीच विभक्ती करते. ‘इन् उर्बेम्’ म्हणजे नगरात (जाणे), ‘नगरं गच्छति’ याप्रमाणे. ‘इन् उर्बे’ म्हणजे नगरात (असणे), ‘नगरे वसति’ याप्रमाणे. त्याचप्रमाणे ‘इन् मेमोरिआ’ म्हणजे स्मृतीत आणि ‘इन् मेमोरिअम्’ म्हणजे स्मृतीस, स्मृतीप्रीत्यर्थ. आपल्या कोंकणीतही ‘उगडासांत’ आणि ‘उगडासाक’ यांत हाच भेद आहे. स्मारकावर शोभतो तो दुसरा शब्द.

तिसरी गोष्ट विशेषणाची. लॅटिन विशेषण आपल्या नामाचे लिंग, वचन व विभक्ती ही तिन्ही धारण करते. ‘कारुस्’ हे पुल्लिंगी, एकवचनी, प्रथमेचे रूप. ते आईला कसे लागावे? शिवाय ‘अत्यंत प्रिय’ म्हणण्यासाठी संस्कृतातील ‘प्रियतम’ याप्रमाणे ‘कारिस्सिमुस्’ असा शब्द आहे. त्याचे स्त्रीलिंगी षष्ठीचे रूप चर्चमधील उच्चाराप्रमाणे ‘कारिस्सिमे’ असे होते.

याप्रमाणे शुद्ध ओळ झाली : ‘इन् मेमोरिअम् मात्रिस् कारिस्सिमे’. आमच्या चार शब्दांपैकी एकटा ‘इन्’ तेवढा जागच्या जागी राहिला!

भाषांमधील हे नाते आपल्या गोव्यात फार पूर्वी कोणाच्या तरी ध्यानात आले होते, हे तुम्हांला ठाऊक असावे. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यात आले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असे त्यांनी १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मूळाविषयीचे आपले प्रसिद्ध विचार मांडले ते १७८६ साली, म्हणजे दोन शतकांनंतर. आपण रोज बोलतो ते जनेल, पाव, इस्कोल हे शब्दही लॅटिनमधून पोर्तुगीजात व तेथून आपल्या घरात आलेले आहेत.

तथापि नाते असणे वेगळे आणि ज्ञान असणे वेगळे. मावशीचा चेहरा आईसारखा असला, तरी तिच्या घरातील चीजवस्तू कोठे ठेवलेल्या असतात हे तिलाच विचारावे लागते. म्हणून तुम्ही कोणाकडे अशी मदत मागाल, तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. नुसते सुटे शब्द देऊ नका. संपूर्ण अर्थ सांगा. ओळ कोणाविषयी आहे, स्त्री की पुरुष, एक की अनेक, हे सांगा. ती कोठे वापरावयाची आहे, हे सांगा. आणि स्वतः केलेला प्रयत्न, चुकीचा असला तरी, दाखवा. कारण शिकविणाऱ्याला आपली चूक पाहिल्यावाचून आपला गैरसमज कळत नाही.

आता थोडा अभ्यास. वडिलांसाठी हीच ओळ ‘इन् मेमोरिअम् पत्रिस् कारिस्सिमी’ अशी होईल आणि आईवडील दोघांसाठी ‘इन् मेमोरिअम् परेन्तुम् कारिस्सिमोरुम्’ अशी. प्रत्येक ओळीत काय बदलले, काय तसेच राहिले व का, हे वहीत लिहून काढा. ‘मागिस्तेर्’ म्हणजे गुरू. त्याची षष्ठी ‘मागिस्त्री’. ‘गुरूच्या स्मृतीस’ ही ओळ तुमची तुम्हीच बनवा.

निघताना त्या वृद्ध धर्मगुरूंनी माझ्या शेजाऱ्यांना एवढेच म्हटले, “लॅटिन ओळ आईसाठी झाली, तिच्या नातवंडांना वाचता येईल असेही खाली काही असू द्या.” त्याप्रमाणे लॅटिन ओळीखाली कोंकणीत ‘आवयच्या उगडासाक’ असे कोरलेले आहे. त्या वाटेने जाताना मी कधी कधी तेथे थांबतो व दोन्ही ओळी वाचतो. त्या दिवशी ‘मला येत नाही’ असे म्हणून दुसऱ्याच्या दारी गेलो, म्हणून त्या शुद्ध राहिल्या, याचे समाधान वाटते.