चौतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या इयत्तेत

शेरलॉक होम्सच्या चातुर्यकथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्यांचे लेखक आर्थर कॉनन डॉयल हे शिक्षणाने डॉक्टर, शरीराने धिप्पाड आणि क्रिकेटचे चांगले खेळाडू होते. पत्नीला क्षयरोग झाल्यामुळे ते काही काळ स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे राहिले. तेथे त्यांनी स्कीवरून घसरण्याची विद्या शिकावयास घेतली. स्की म्हणजे बुटांना बांधावयाच्या लांब, अरुंद, पुढच्या टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या. मार्च १८९४ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, ते ब्रँगर बंधूंबरोबर उंच खिंड ओलांडून आरोसा या गावी पोहोचले. त्याच वर्षी डिसेंबरच्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी ही हकीकत लिहिली. तीत आपल्या फजितीचे वर्णनही त्यांनी मोकळेपणाने केले आहे.

असा कसलेला खेळाडू उतारावर नवशिक्यासारखा का पडावा?

पहिले कारण घर्षण. आपण चालतो ते पावलाखालच्या घर्षणाच्या आधारावर. स्की हिमावरून सरकताना घर्षणाने उष्णता निर्माण होते व पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये प्रयोगांच्या आधारे हे दाखविले. घर्षणांक ०.०५ आणि उतार १५ अंशांचा धरला, तर त्वरण येते दर सेकंदाला सुमारे २ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे हवेचा विरोध सोडून दिल्यास, अवघ्या ५ सेकंदांत वेग ताशी ३६ किलोमीटर!

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. घाट उतरताना आपण टाचा रोवतो आणि अंग मागे झुकवितो. आयुष्यभर उपयोगी पडलेली ही सवय स्कीवर घात करते. भार टाचांवर गेला की स्कीच्या पुढच्या भागावरील दाब कमी होतो. दिशा बदलणे अवघड होते आणि स्की पायांखालून पुढे पळतात. म्हणून शिक्षक सांगतात, “गुडघे वाकवा, नडग्या बुटांच्या पुढच्या बाजूवर टेका, उताराकडे झुका.” ज्या दिशेची भीती वाटते, त्याच दिशेला झुकावयाचे! थांबण्यासाठी स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर करून आतल्या कडा हिमात रुतवावयाच्या असतात.

तिसरे कारण पडण्याचे गणित. ७० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचा गुरुत्वमध्य ०.९५ मीटर उंचीवर धरला, तर त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ६५० ज्यूल होते. २० किलोग्रॅमच्या मुलाचा गुरुत्वमध्य ०.६ मीटरवर धरला, तर ती सुमारे ११८ ज्यूल. प्रौढाचे पडणे साडेपाचपट जड! त्याची भीती उगाच नसते. पण भीतीने स्नायू ताठरतात आणि ताठर शरीराला तोल सावरता येत नाही.

तोल सावरण्याचे काम मुख्यतः लहान मेंदूच्या देखरेखीखाली, आपल्या नकळत चालते. ‘पुढे झुका’ हे वाक्य समजावयास एक क्षण पुरतो. ते शरीरात मुरावयास शेकडो प्रयत्न लागतात. प्रत्येक चुकीनंतर मेंदू पुढच्या हालचालीत थोडी दुरुस्ती करतो. म्हणजे पडणे हा शिकण्याचाच भाग आहे. गुलमर्ग किंवा औलीच्या उतारावर प्रथमच उभ्या राहणाऱ्या प्रौढाची पदवी, पगार वा मानमरातब गुरुत्वाकर्षण विचारात घेत नाही. शेजारून एखादे लहान पोर सहज निघून जाते आणि त्याला मुकाट्याने उठावे लागते. ज्याला हे उठणे जमते, तोच शिकतो.

करून पाहा : नेहमी लिहीत नाही त्या हाताने आपले नाव दहा वेळा लिहा. पहिले आणि दहावे अक्षर ताडून पाहा. शिक्षकांनीही हा प्रयोग वर्गात फळ्यावर, सर्वांसमक्ष करावा. अक्षर वेडेवाकडे आले की मुले हसतील, हसू द्यावे. ज्या विद्यार्थ्याला समीकरण समजते पण सोडविता येत नाही, त्याची अडचण त्या दिवशी शिक्षकांना अधिक चांगली कळेल.