रॉक संगीत, आपली खंजिरी आणि कवितेचा तास



आठवी-नववीतल्या मुलाच्या कानात इअरफोन दिसला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "काय तो धांगडधिंगा ऐकत बसतोस!" त्याच मुलापुढे पाठ्यपुस्तकातली कविता ठेवली की तो विचारतो, "सर, ही किती मार्काला येते?" गंमत बघा. ज्या गाण्याची भाषा त्याला धड समजत नाही, ते गाणे त्याला शेवटपर्यंत पाठ असते. आणि मायबोलीतली आठ ओळींची कविता दहा वेळा घोकूनही परीक्षेत अर्धीच आठवते.

दोष मुलाच्या स्मरणशक्तीचा नाही. गाण्याजवळ असे काहीतरी आहे जे आपण कवितेच्या तासातून काढून टाकले आहे. ते काय, हे रॉक संगीताच्या निमित्ताने आज पाहू.

रॉक आले कुठून?

रॉक संगीताचे मूळ शेतात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपीसारख्या राज्यांत, कापसाच्या शेतांवर राबणारे कृष्णवर्णीय मजूर काम करता करता गात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. त्यातून 'ब्लूज' हा प्रकार तयार झाला. त्याची घडण साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे.

मडी वॉटर्स हा गायक असाच मिसिसिपीतल्या शेतावर राबणारा. १९४३ साली तो शिकागोला गेला. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवरची गिटार हाती घेतली. पुढे १९५० च्या दशकात ब्लूज आणि इतर लोकसंगीत मिळून 'रॉक अँड रोल' उभे राहिले. इंग्लंडच्या 'रोलिंग स्टोन्स' या प्रसिद्ध बँडने तर आपले नावच मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतले.

आता आपल्या भंडारा जिल्ह्यातली रोवणी आठवा. चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावणाऱ्या बाया गातात तेव्हा काय होते? एक जण ओळ काढते, बाकीच्या ती उचलतात. पाठीची कळ विसरायला गाणे लागते, हे मिसिसिपीच्या मजुराला जसे कळले तसेच आपल्या मायमावल्यांनाही कळले. पोवाड्यात शाहिराच्या मागे सूर धरणारे झीलकरी असतात, तेही हेच काम करतात. रॉकमध्ये त्याला 'कोरस' म्हणतात, एवढेच.

मुलांना ते का धरून ठेवते?

याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण ठेका. एक-दोन-तीन-चार असे मोजा. बहुतेक रॉक गाण्यांत दोन आणि चारवर ड्रमचा ठोका जोरात पडतो. तो ठोका कानाआधी पायाला कळतो. मूल बाकावर बोटे वाजवते तेव्हा ते मस्ती करत नसते, ते मात्रा मोजत असते!

दुसरे कारण पुनरावृत्ती. धुवपद पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी मधल्या कडव्यामुळे त्याचा अर्थ थोडा बदलतो. भजनातही आपण हेच करतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. रॉकचा गायक 'मी' म्हणून बोलतो, आणि तेही रोजच्या भाषेत. त्याला राग आला की आवाज फाटतो. गिटारचा सूरही मुद्दाम खरखरीत केलेला असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात जी खळबळ असते तिला इतक्या उघडपणे जागा देणारे दुसरे ठिकाण त्याला घरात सापडत नाही, शाळेतही सापडत नाही.

पुस्तकांतून निघालेली गाणी

रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा, असा समज असेल तर ही उदाहरणे पाहा.

केट बुश या इंग्लिश मुलीने एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स' या १८४७ च्या कादंबरीवर त्याच नावाचे गाणे लिहिले. १९७८ साली ते आले तेव्हा ती १९ वर्षांची होती, आणि ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. कोलरिज या कवीची 'एन्शंट मरिनर' ही दीर्घ कविता १७९८ ची. 'आयर्न मेडन' या बँडने १९८४ साली तिच्यावर तेरा मिनिटांहून मोठे गाणे केले. पिंक फ्लॉइडच्या १९७७ च्या 'ॲनिमल्स' या अल्बममागे जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' उभी आहे. 'द डोअर्स' या बँडचे नाव आल्डस हक्सलीच्या पुस्तकावरून आले, आणि हक्सलीने ते विल्यम ब्लेक या कवीकडून घेतले होते.

यातल्या एका गाण्याचा धागा मुंबईत येतो. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. तिथल्याच संगीतावर 'द इनर लाइट' हे गाणे उभे राहिले. त्याचे शब्द 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथावर आधारलेले. म्हणजे चिनी ग्रंथ, मुंबईचे वादक आणि इंग्लंडचा गायक! साहित्य असे फिरते.

२०१६ साली बॉब डिलन या गीतकार-गायकाला साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा "गाणी म्हणजे साहित्य का?" असा वाद जगभर झाला. पुढच्या वर्षी दिलेल्या व्याख्यानात डिलनने स्वतः कशाबद्दल सांगितले? शाळकरी वयात वाचलेल्या पुस्तकांबद्दल! 'मोबी डिक', 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' आणि 'ओडिसी' या तीन पुस्तकांवर तो सविस्तर बोलला. शाळेत वाचलेले पुस्तक मुलाच्या आत कुठे जाऊन बसते आणि किती वर्षांनी उगवते, याचा अंदाज आपल्याला कधीच नसतो.

मग आपल्याकडे काय?

"हे सगळे परदेशी, आपली संस्कृती वेगळी," असे कोणी म्हणेल. त्यांनी भजनातली पेटी आठवावी. हार्मोनियम १९ व्या शतकात युरोपातून आली आणि आता तिच्याशिवाय भजन सुरू होत नाही. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत रंगमंचासमोर ऑर्गन आणि तबल्याच्या शेजारी आता ऑक्टोपॅडही असतो. आपला प्रेक्षक रात्रभर जागून ते नाटक पाहतो, आणि ते आपलेच असते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांकडे या नजरेने कधी पाहिले आहे का? हातात खंजिरी, साधी भाषा, आणि समोर हजारो माणसे. त्यांची भजने नुसती देवाची नव्हती. व्यसन, अस्वच्छता, जातिभेद, गुलामी या सगळ्यांवर ती तुटून पडत. १९४२ च्या आंदोलनात चिमूर-आष्टीकडची माणसे पेटून उठली, त्यात या भजनांचा वाटा होता. इंग्रज सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले. एका खंजिरीला सरकार घाबरले! ठेक्यावर स्वार झालेल्या शब्दात काय ताकद असते, हे समजायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

मराठीतले मोठे कवी अरुण कोलटकर यांनी ही दोन्ही टोके जोडली. ते पखवाज शिकले, भजने शिकले, आणि इंग्रजीत गाणी लिहून ती ध्वनिमुद्रितही केली. त्यांच्या 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. आज मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड गिटार, बास आणि तालवाद्यांच्या साथीने संतांचे अभंग गातो आणि कॉलेजची मुले ते ऐकायला गर्दी करतात. शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे, पण ठेका मिळाला की मुलांना ते आपले वाटतात.

खरा प्रश्न भाषेचा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. ब्लूज गाणाऱ्या मजुरांची इंग्रजी शाळेच्या हिशेबाने 'चुकीची' होती. व्याकरण मोडलेले, उच्चार वेगळे. शाळेने तिच्यावर लाल रेघ मारली असती. पण जगाने ती गाणी ऐकली ती त्याच भाषेत, आणि विसाव्या शतकाच्या अर्ध्याअधिक संगीताने त्यांच्याकडून उसने घेतले.

आपल्या वर्गात झाडीबोली बोलणारे मूल येते. त्याच्या बोलीत ण नाही, ळ नाही. ते 'पाणी'ला 'पानी' म्हणते आणि 'डोळा'ला 'डोरा'. आपण लगेच सुधारतो. एकदा, दोनदा, दहादा. वर्गातली बाकीची मुले हसतात. मग ते मूल बोलणेच कमी करते. कवितेचा तास आला की ते मान खाली घालून बसते, कारण कविता ही 'शुद्ध' बोलणाऱ्यांची वस्तू आहे असे त्याला वाटू लागलेले असते. दंडार आणि खडी गंमत ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या रंगल्या, तिथले मूल कवितेला परके व्हावे, याहून वाईट काय?

प्रमाण मराठी शिकवायची नाही, असे माझे म्हणणे नाही. ती शिकवलीच पाहिजे, परीक्षा आणि नोकरी दोन्हीकडे ती लागते. पण कविता ऐकायला आणि करायला तिची अट घालू नये. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास आणि तिच्यातले साहित्य पुढे आणण्यासाठी आयुष्य दिले. निदान तेवढ्यासाठी तरी आपण त्या 'डोऱ्या'ला वर्गात जागा द्यावी.

वर्गात करून पाहा

१. आधी ठेका, मग अर्थ. कविता वाचून दाखवण्यापूर्वी मुलांना बाकावर सावकाश चार मात्रा वाजवायला सांगा. त्या ठेक्यावर कविता म्हणा. कुठे अडते, कुठे धावते, हे मुलेच सांगतील. वृत्त शिकवायची ही सर्वांत सोपी सुरुवात आहे.

२. अक्षरे मोजा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात, अक्षरे ६-६-६-४. शेवटचा चरण आखूड का? तिथे टाळाला आणि श्वासाला जागा मिळते. हे फळ्यावर लिहून टाळ्यांनी दाखवा.

३. स्वतःच्या बोलीत लिहा. त्याच मापात मुलांना एक कडवे करू द्या. नमुन्यासाठी मी जुळवलेले हे एक:

धानाच्या बांधीत । पानी नाही आलं ।
डोऱ्यातच आलं । बापाच्या गा ॥

अक्षरे मोजून बघा, ६-६-६-४ बरोबर बसते. यातला 'डोऱ्यात' सुधारून 'डोळ्यात' केला तर माप मोडत नाही, पण सांगणारा बदलतो. मुलांना विचारा, हे कडवे कोण म्हणते आहे? शेवटचा 'गा' कोणाला उद्देशून आहे? रसग्रहण इथूनच सुरू होते.

४. गाण्यातून पुस्तकाकडे. मोठ्या मुलांनी आपल्या आवडीचे एक गाणे निवडावे आणि त्यामागे एखादी कथा, कविता, पुराण किंवा घटना आहे का ते शोधून वर्गात पाच मिनिटे सांगावे. कोणतेही गाणे चालेल, हिंदी, मराठी, रॅप, रॉक, भजन. शब्द वर्गात वाचण्याजोगे आहेत ना, ते आपण आधी पाहून घ्यायचे.

५. घरचे गाणे. आजीला रोवणीचे किंवा जात्यावरचे एक गाणे विचारून जसेच्या तसे, तिच्याच उच्चारात, वहीत उतरवून आणायला सांगा. अशी तीस गाणी जमली की तुमच्या वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होईल.

पालकांसाठी दोन शब्द

तुमची काळजी खोटी नाही. रॉकच्या इतिहासात नशेने वाया गेलेली आयुष्ये आहेत. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन हे दोघेही १९७० साली, वयाच्या २७ व्या वर्षी गेले. हे मुलांपासून लपवू नका, सरळ सांगा. दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास, अशी मर्यादा सांगते. तेव्हा आवाज कमी ठेवायला जरूर सांगा.

पण "बंद कर ते" म्हणण्याआधी एक इअरफोन स्वतःच्या कानात घालून पाहा. "हा काय म्हणतोय रे?" एवढेच विचारा. मूल अर्थ सांगू लागेल. अर्थ सांगता सांगता शब्द शोधेल, अडेल, पुन्हा सांगेल. कवितेच्या तासाला आपण त्याच्याकडून नेमके हेच करून घेऊ पाहतो, आणि घरी ते मार्कांशिवाय होईल.

उद्याच्या तासाला फळ्यावर कवितेचे नाव लिहिण्याआधी बाकावर चार ठोके वाजवून बघा. आधी मुले हसतील, मग बोटे हलतील. मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा पोरगा कदाचित सर्वांत आधी ठेका पकडेल. त्याला पुढे बोलवा आणि कविता त्याच्याकडूनच म्हणून घ्या, त्याच्या उच्चारात.