परसबागेतले मुंगूस

धुळ्याला आमच्या घरामागे छोटी परसबाग आहे. तिथे कडुलिंबाचे झाड, पाण्याचा हौद आणि दादीच्या चार कोंबड्या. एके दिवशी खुराड्यातले एक पिल्लू नाहीसे झाले. कुंपणाजवळ करड्या रंगाचे, झुपकेदार शेपटीचे मुंगूस दिसले. उर्दूत आपण त्याला नेवला म्हणतो.

"सापळा लावा!" शेजारी म्हणाले. दादी तयार होईना. "पिल्लू गेले खरे, पण त्याच्यामुळे उंदीरही कमी झाले," ती म्हणाली.

मुंगूस दिवसा हिंडते. उंदीर, किडे, बेडूक, अंडी, साप, सारे खाते. सापाचे विष त्याला मुळीच बाधत नाही, हा गैरसमज आहे. बाधते, पण कमी. खरे तर चपळाईच त्याला वाचवते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्याला पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे. तरीही रंगाच्या ब्रशांसाठी त्याची शिकार होते. ब्रश घेताना मी हल्ली दुकानदाराला विचारतो, "केस कशाचे?"

आम्ही खुराड्याला बारीक जाळी ठोकली. मुंगूस माती उकरते, म्हणून खाली फरशी बसवली. दोन-तीन दिवस ते खुराड्याभोवती घुटमळले. आता उन्हाळ्यात ते हौदाच्या कडेला पाणी प्यायला येते. कोंबड्या ओरडतात. दादी बसल्या जागेवरून नुसती काठी आपटते.