तरुणांचे जेवण आणि मनाची उदासी

आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आली आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटीच तथागतांच्या सभेत आला. तथागतांनी प्रथम उरलेले अन्न त्याला वाढावयास सांगितले व त्याचे पोट भरल्यावरच उपदेश सुरू केला. भिक्खूंना याचे नवल वाटले. भुकेल्या माणसाच्या कानी उपदेश शिरत नाही, हा त्यातील अर्थ होय.

ही कथा आठवते ती जानेफळसारख्या गावांतील तरुणांकडे पाहून. पदवी आहे, नोकरी नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे धावायचे, तेही रिकाम्या पोटी. मग चहा, तंबाखूची पुडी, दुपारी टपरीवरची कचोरी. पुढे मुलगा बोलेनासा होतो, झोप उडते, दिवसा अंथरूण सुटत नाही. घरचे म्हणतात, आळशी झाला. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, तर तो आळस नसून नैराश्य हा आजार असू शकतो.

ऑस्ट्रेलियात १८ ते २५ वयाच्या ७२ नैराश्यग्रस्त तरुणांवर झालेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला १२ आठवडे भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार सुचविला. दुसऱ्याला केवळ गप्पांची सोबत. आहार बदललेल्यांची उदासी पुष्कळच अधिक कमी झाली. तेथीलच २०१७ च्या प्रयोगात ६७ स्त्री-पुरुष होते. आहारगटातील सुमारे ३२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ८ टक्के लोक आजारातून बाहेर आले. प्रयोग लहान आहेत, आणि आपण काय खातो हे खाणाऱ्याला ठाऊक असतेच. तेव्हा आशेचाही त्यात वाटा असावा.

ऑलिव्ह तेल मेहकरच्या बाजारात शोधीत बसू नये. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मोड आलेली मटकी, पालेभाजी, शेंगदाणे हे आपलेच अन्न आहे. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ जातीची स्निग्धे असतात. ब-१२ जीवनसत्त्व मात्र भाजीभाकरीत नाही. त्याच्या उणिवेने थकवा व उदासी येऊ शकते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. अंडे महाग म्हणणारा मुलगा पुडीला पैसे काढतो, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो!

डॉक्टरांची औषधे चालू असल्यास ती आहाराच्या भरवशावर सोडू नयेत. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलावे. तोवर मुलाला एकटे ठेवू नये. त्याचे ताट वाढून घरातील कोणीतरी त्याच्यासोबत जेवावयास बसावे.